ठिपक्यापुढचे आउट

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तिथल्या एका हौशी बेसबॉल लीगच्या कमिटीवर आहे. रविवारी खेळणारी, नोकरीधंदा सांभाळून मैदानावर येणारी माणसं. त्यांची आकडेवारी ठेवणारे गृहस्थ यंदा आजारी पडले आणि दादानं मला फोन केला. मी सांगलीत विश्रामबागेत राहते, मार्केट यार्डातल्या दोन-तीन हळद अडत्यांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं बघते. "तुझं एक्सेल चांगलं आहे, स्कोअरिंगच्या ॲपमधून सीएसव्ही काढून पाठवतो, पहिल्या सत्राचा तक्ता करून दे," एवढंच तो म्हणाला. मी शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले होते, त्यामुळे पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा), आउट, इनिंग हे शब्द मला नवीन नव्हते. मी हो म्हणाले.

फाइल साधी दिसत होती. एका ओळीत एक पिचर, एक सामना. किती इनिंग टाकल्या, किती हिट दिल्या, किती अर्न्ड रन दिले. पिचरची गुणवत्ता ज्या आकड्यावरून मोजतात तो ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्यानं किती अर्न्ड रन दिले; जितका कमी तितका चांगला. अर्न्ड रन गुणिले नऊ, भागिले इनिंग. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेलेले रन त्यात धरत नाहीत. इनिंगच्या रकान्यात ५.१, ६.२, ४.२, ७ असे आकडे होते. मी प्रत्येक पिचरची बेरीज लावली, भागाकार केला, क्रमवारी लावली. सगळं मिळून तासाभराचं काम झालं.

पाठवायच्या आधी बेरजा वरवर नजरेखालून घालायची मला सवय आहे. तिथंच अडकले. एका पिचरचे पाच सामने होते: ५.१, ६.२, ४.२, ७, ५.१. बेरीज २७.६. आता वरच्या दोनशे ओळींत ठिपक्यापुढं फक्त एक किंवा दोन दिसत होतं. तीन नाही, पाच नाही, सहा तर कुठंच नाही. मग बेरजेत सहा आला कुठून?

तात्या, म्हणजे माझे वडील, शेजारीच खुर्चीत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. निम्मं आयुष्य अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेलं. मी पडद्यावरचा आकडा त्यांना वाचून दाखवला, एका इनिंगमध्ये तीन आउट असतात आणि पिचरला मध्येच बदलता येतं, हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे पाच पूर्ण झाल्या आणि सहाव्यात एक गडी बाद करून ह्यो गेला, तर काय लिवत्यात?" मी म्हणाले, "पाच पॉइंट एक." त्यावर ते म्हणाले, "अगं मग ह्यो टिंब दशांशाचा न्हवं. एकर-गुंठ्याचा हाय."

आमचं तासगाव तालुक्यात थोडं रान आहे. वाटणीच्या कागदावर ते १.३० आणि २.२० असं लिहिलेलं आहे. एक एकर तीस गुंठे आणि दोन एकर वीस गुंठे. ते कॅल्क्युलेटरवर मिळवलं तर ३.५० येतं, आणि घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की साडेतीन एकर चूक आहे, पन्नास गुंठे म्हणजे एक एकर दहा गुंठे, एकूण चार एकर दहा गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं तिथं मात्र ठिपका खराखुरा दशांशाचा, कारण शंभर आरांचा हेक्टर. एकच ठिपका, दोन अर्थ, आणि दोन्ही आमच्या एकाच फडताळात. तरी बेसबॉलचा आकडा समोर आला तेव्हा मला ते सुचलं नाही, कारण संगणकानं तो उजवीकडे सरकवून आकडा म्हणून मांडला होता.

तात्या पाचवीत वगैरे असतील तेव्हा, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. त्याआधीचा सगळा हिशेब रुपये-आणे-पै असा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अजून तोंडपाठ आहे. त्यांच्या डोक्यात प्रत्येक आकड्याला आपला 'हातचा' असतो: इथं सोळाला हातचा, इथं बाराला, इथं चाळीसला. बेसबॉलमध्ये तिनाला हातचा. त्यांना यात नवीन काहीच वाटलं नाही.

मग आम्ही दोघांनी तो पिचर कागदावर मांडला. ५.१ म्हणजे पाच त्रिक पंधरा अधिक एक, सोळा आउट. ६.२ म्हणजे वीस. ४.२ म्हणजे चौदा. ७ म्हणजे एकवीस. पुन्हा ५.१, सोळा. बेरीज सत्त्याऐंशी आउट, म्हणजे बरोबर २९ इनिंग. माझा तक्ता २७.६ सांगत होता. त्यानं ११ अर्न्ड रन दिले होते. माझ्या हिशेबानं ईआरए ३.५९, खरा ३.४१. क्रमवारीत त्याच्या वर जो पिचर होता त्यानं ७, ६, ६, ५, ७ अशा ३१ इनिंग टाकल्या होत्या, सगळ्या पूर्ण, आणि १२ रन दिले होते. ईआरए ३.४८. म्हणजे मी पाठवणार होते त्या तक्त्यात पहिला नंबर चुकीच्या माणसाचा होता.

ही चूक कधी इकडं, कधी तिकडं अशी जात नाही, म्हणून ती मला जास्त लागली. तृतीयांशाच्या जागी एक दशांश धरला की पिचरच्या कष्टातून दर वेळी काही ना काही वजाच होतं, कधीच जमा होत नाही. जो पूर्ण इनिंग टाकून परत येतो त्याला धक्का लागत नाही. ज्याला इनिंगच्या मध्येच, अडचणीच्या वेळी आणतात, त्याचं सगळं त्यातच जातं. त्याच फाइलमध्ये एक राखीव पिचर होता. नऊ सामन्यांत तो प्रत्येक वेळी एकच गडी बाद करायला आला होता. ०.१ नऊ वेळा. माझ्या रकान्यात बेरीज ०.९. खरं तर नऊ आउट म्हणजे पूर्ण तीन इनिंग. त्यानं सगळ्या मिळून एकच रन दिला होता. खरा ईआरए ३.००. माझ्या तक्त्यात १०.००. लीगमधल्या चांगल्या माणसांपैकी एक शेवटच्या पाचांत बसला होता.

आता दुरुस्ती. पहिला उपाय मी घाईत केला आणि तो चुकला. मला वाटलं, ठिपक्यापुढच्या एकाला तेहेतीस आणि दोनाला सदुसष्ट केलं की झालं. फाइंड-रिप्लेसमध्ये ".१" च्या जागी ".३३" घातलं आणि 'रिप्लेस ऑल' दाबलं. रकाना निवडलेला नव्हता. त्याच शीटवर फलंदाजांची सरासरी होती, आणि बेसबॉलमध्ये ती .२८७ अशी तीन स्थळांत असते. एका फलंदाजाचा .१८२ होता, तो .३३८२ झाला. जितक्यांची सरासरी एकानं सुरू होत होती तितके सगळे एका क्षणात लीगचे उत्तम फलंदाज झाले. अनडू केलं, सगळं परत आलं, पण त्या दिवसापासून मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून कामाला दुसरी प्रत घ्यायची हे मी पक्कं केलं. शिवाय तो उपाय मुळातच अपुरा होता. तीन वेळा ०.३३ म्हणजे ०.९९, एक इनिंग होत नाही. तीन वेळा ०.६७ म्हणजे २.०१. शंभर ओळींत हे शेवटच्या दशांशस्थळापर्यंत पोचतंच.

दुसरा उपाय म्हणजे आकड्याचे दोन भाग करणं. पूर्णांक भाग तिनानं गुणायचा, आणि ठिपक्यापुढचा आकडा त्यात मिळवायचा. ठिपक्यापुढचा आकडा काढायला मी आकड्यातून पूर्णांक वजा केला, दहानं गुणलं आणि 'इंट' (ठिपक्यापुढचं टाकून पूर्णांक ठेवणारं सूत्र) लावलं. ३.१ ला दहा आउट आले, बरोबर. ५.१ ला सोळा यायला हवे होते, पंधरा आले. ८.२ ला सव्वीसऐवजी पंचवीस. ५.२ बरोबर, ७.२ बरोबर. चुकीला काही धरबंधच दिसेना, आणि मी अर्धा तास सूत्रातले कंस तपासत बसले.

कंस बरोबर होते. रकान्याची दशांशस्थळं वाढवत नेली तेव्हा उलगडा झाला. ५.१ मधून ५ वजा केल्यावर संगणकाकडे ०.१ उरत नाही, ०.०९९९९९९९९९९९९९९६ उरतं. एक तृतीयांश जसा आपल्या दशांश पद्धतीत कधी संपत नाही, ०.३३३ असा चालूच राहतो, तसाच एक दशांश संगणकाच्या दोनाच्या पद्धतीत संपत नाही. तो कुठं तरी कापून ठेवावा लागतो. ५.१ कापताना किंचित कमी पडतं, ३.१ कापताना किंचित जास्त. दहानं गुणल्यावर ०.९९९ काहीतरी येतं आणि 'इंट' पुढचं सगळं टाकून देतं, म्हणजे हाती शून्य. 'इंट' काढून 'राउंड' घातलं की जवळच्या पूर्णांकाला जातं आणि सगळ्या ओळी बरोबर येतात. त्याहून सरळ मार्ग म्हणजे तो रकाना आकडा म्हणून उघडायचाच नाही. सीएसव्ही डबल क्लिक करून न उघडता डेटा मेनूतून आयात करायची, रकान्याला 'टेक्स्ट' सांगायचं आणि ठिपक्याच्या जागी तोडायचं. डावीकडे इनिंग, उजवीकडे आउट. ७ असं नुसतं लिहिलेलं असेल तर उजवीकडे रिकामं येतं, तिथं शून्य धरायचं.

आणि एकदा आउट हाती आले की मी इनिंगकडे परत गेलेच नाही. बेरीज आउटची, सरासरी आउटवरून, क्रमवारी आउटवरून. ईआरएचं सूत्रही तसंच बदललं: नऊ इनिंग म्हणजे सत्तावीस आउट, म्हणून अर्न्ड रन गुणिले २७, भागिले आउट. ११ गुणिले २७ भागिले ८७, उत्तर ३.४१. कुठं तृतीयांश नाही, कुठं राउंड नाही. छापायच्या वेळी फक्त तिनानं भागून भागाकार डावीकडे आणि बाकी उजवीकडे लिहायची, म्हणजे वाचणाऱ्याला सवयीचं ६.१ दिसतं. नंतर मला कळलं की बेसबॉलचा जो लाहमन डेटाबेस अभ्यासक वापरतात त्यातही पिचरच्या तक्त्यात इनिंग नसून आउटचाच रकाना आहे. तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पैचा हिशेब पैत करायचा. रुपये शेवटच्या वळीला."

एकच जागा अशी होती जिथं सूत्र थांबलं. दोन पिचर एकही आउट न मिळवता रन देऊन परत गेले होते. शून्यानं भागता येत नाही. तिथं मी आकडा न घालता आडवी रेघ ठेवली आणि क्रमवारीतून ते वगळले.

दादाला हे सगळं फोनवर सांगितल्यावर तो म्हणाला, "हौशी लीग आहे गं, दोन-चार शतांशांनी काय होतंय?" त्याला मी अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधली, अमेरिकन लीगची १९८१ सालची गोष्ट सांगितली, जी मी याच शोधात असताना वाचली होती. त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे हंगाम मध्येच तुटला होता. बाल्टिमोरचा सॅमी स्ट्युअर्ट ११२ पूर्ण एक तृतीयांश इनिंग टाकून २९ अर्न्ड रन, ओकलंडचा स्टीव्ह मॅकॅटी १८५ पूर्ण दोन तृतीयांश इनिंग टाकून ४८. मी ते माझ्याच रकान्यात घालून बघितलं. स्ट्युअर्टचे ३३७ आउट, ईआरए २.३२३. मॅकॅटीचे ५५७ आउट, ईआरए २.३२७. स्ट्युअर्ट केसभर पुढं. पण तेव्हाचा नियम असा की इनिंग जवळच्या पूर्णांकाला न्यायच्या. स्ट्युअर्टच्या ११२ झाल्या, त्याचा एक आउट गेला. मॅकॅटीच्या १८६ झाल्या, त्याला एक आउट फुकट मिळाला. आकडे २.३३ आणि २.३२ झाले आणि सर्वांत कमी ईआरएचा मान मॅकॅटीला गेला. पुढं तो नियम बदलला. खरोखर मैदानावर बाद झालेला एक गडी हिशेबातून पुसला गेला होता, एवढंच. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दुसऱ्या सत्राची फाइलपण पाठवतो."

दुसरी फाइल वेगळ्या ॲपची होती, लीगनं मध्येच बदललेलं. त्यात इनिंग ६.१ अशा नव्हत्या, "६ १/३" अशा होत्या. मला बरं वाटलं, कारण हे लिखाण प्रामाणिक आहे, त्यात तृतीयांश सरळ दिसतो. एक्सेलही "६ १/३" हा अपूर्णांक म्हणून नीट घेतो. पण बेरीज केली तर एका राखीव पिचरच्या इनिंग पंचेचाळीस हजारांच्या वर. त्यानं एका सामन्यात फक्त एक आउट मिळवला होता, म्हणून ॲपनं नुसतं "१/३" लिहिलं होतं. आमच्याकडं संगणकाला तारीख आधी दिवस मग महिना अशी लावलेली असते. एक्सेलनं त्याची एक मार्च केली. आणि एक्सेलच्या पोटात प्रत्येक तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते, १ मार्च २०२५ म्हणजे ४५७१७. "२/३" ची दोन मार्च झाली होती. हा माणूस त्या दिवशी मैदानात पाच मिनिटं आला असेल, आणि तक्त्यात सव्वाशे वर्षांचे दिवस त्याच्या नावावर लागले होते. ही चूक निदान ओरडून सांगते. ०.९ वाली गप्प बसते, म्हणून मला ती जास्त घातक वाटते.

तीही फाइल 'टेक्स्ट' म्हणून आयात केली. १/३ ला एक, २/३ ला दोन, मोकळ्या जागेच्या डावीकडचा आकडा गुणिले तीन. आता दोन्ही सत्रं एकाच भाषेत बोलत होती, आउटच्या.

हळदीच्या हिशेबात पोती, तोलाई आणि पट्टी यांचा मेळ बसल्याशिवाय मी कागद पुढं सरकवत नाही. इथं मेळ कशाशी घालायचा, याचा मी बराच विचार केला. मग लक्षात आलं की सामना स्वतःच मेळ देतो. यजमान संघाच्या सगळ्या पिचरांचे आउट मिळून नऊ इनिंगच्या सामन्यात सत्तावीस झालेच पाहिजेत. पाहुण्या संघाचे सत्तावीस, किंवा यजमान आधीच पुढं असल्यानं नववी इनिंग खेळलेच नाहीत तर चोवीस, किंवा यजमानांनी नवव्यात मध्येच सामना मारला तर चोवीस ते सव्वीस. जादा इनिंग किंवा पाऊस असेल तर वेगळं, पण ते सामने दादाच्या यादीत खुणेनं होते. प्रत्येक सामन्याखाली मी एक ओळ घातली. दोन्ही सत्रांत मिळून एकच सामना जुळेना. यजमान संघाचे आउट सव्वीस.

दादाकडे मैदानावरची कागदी स्कोअरशीट होती. त्यानं फोटो पाठवला. तात्यांनी चष्मा लावून माझ्याबरोबर तो मोबाइलवर मोठा करून बघितला. सातव्या इनिंगमध्ये पहिला पिचर एक गडी बाद करून गेला होता. त्याच्या जागी तो राखीव पिचर आला. त्यानं एकच चेंडू टाकला. फलंदाजानं तो जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला, तिथून सेकंड बेस, तिथून फर्स्ट. डबल प्ले. एका चेंडूत दोन गडी. कागदावर ६-४-३ (चेंडू ज्यांच्याकडून गेला त्या तीन क्षेत्ररक्षकांच्या जागांचे क्रमांक) लिहून त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. ॲपमध्ये भरणाऱ्यानं एक चेंडू बघून एक आउट लिहिला असणार.

मी त्याच्या ओळीत एकाचे दोन केले. खालची बेरीज सत्तावीस झाली. तात्यांनी फोटोतल्या त्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या गड्याचं आता किती झालं?" मी त्यांना वाचून दाखवलं आणि फाइल दादाला पाठवली.